पॅरालिसिस झालेल्या कामगाराला कामावरून कमी कसं करायचं? की करायचंच नाही?

शिरोली_वर्कशॉप | १८ जुलै २०२४, रात्री ११:२०

नमस्कार. लिहू का नको करत तीन आठवडे गेले, आज लिहितोच. जरा मोठं झालंय, सांभाळून घ्या.

शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे, वडिलांनी टाकलेलं, २६ माणसं. फौंड्रीतून कास्टिंग येतात, आम्ही टर्निंग-बोरिंग करून पुढं देतो. आमच्याकडं १४ वर्षं लेथवर असलेले एक कामगार आहेत, वय ४७, शॉपमध्ये सगळे त्यांना मामा म्हणतात, मी पण. मी कॉलेजातून सुट्टीला यायचो तेव्हा मला मायक्रोमीटर धरायला त्यांनीच शिकवलं. गेल्या श्रावणात रात्री पाणी प्यायला उठले आणि तिथंच कोसळले, उजवी बाजू गेली. आता अकरा महिने झाले. काठी घेऊन चालतात, बोलणं बरंचसं परत आलंय, पण उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. लेथवर चक की फिरवायची, टेलस्टॉक आवळायचा, टूल बदलायचं हे सगळं त्याच हाताचं काम, आणि पार्ट धरून फिरणाऱ्या चकजवळ अशा माणसाला उभं करायचं माझं काळीज होणार नाही. उद्या बाही अडकली तर कोण जबाबदार?

आमचं पीएफ-ईएसआय (कामगार राज्य विमा) बघणारे कन्सल्टंट म्हणाले, "राजीनामा लिहून घ्या, वैयक्तिक कारणास्तव स्वखुशीनं देतोय म्हणून. हिशोब द्या, विषय संपला." त्यांनी टाइप करून पण पाठवलाय, खाली सहीला जागा सोडलेली. तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. वडील म्हणतात घरी जाऊन सही घेऊन ये, मला गाडी काढायचंच होत नाही. दुसरीकडं त्या मशीनवर बदली म्हणून घेतलेला पोरगा रोज विचारतो, साहेब माझं काय.

मामांचा बेसिक अधिक डीए १५,६०० आणि एकूण १९,५००. कायद्यानं काय करावं लागतं आणि माणूस म्हणून काय करावं, दोन्ही सांगा.

जुना_कामगार | १८ जुलै २०२४, रात्री ११:५२

तो कागद आधी फाडा. बाकीचं उद्या बोलू.

जुना_कामगार | १९ जुलै २०२४, सकाळी ७:१०

काल तोडून बोललो, राग मानू नका. ठाण्याच्या पट्ट्यात ३० वर्षं युनियनचं काम केलं, असे स्वखुशीचे कागद किती बघितले त्याची मोजदाद नाही. आजारी माणसाची खुशी कसली हो? तो अंथरुणावर पडलेला असतो, घरात पैसा नसतो, आणि कुणीतरी सांगतं सही केलीस की चार दिवसांत चेक मिळेल. तो सही करतो. त्या सहीमुळे काय काय गेलं ते त्याला वर्षभराने कुणाकडून तरी कळतं.

पंजाबच्या वीज मंडळातला एक असिस्टंट लाइनमन नोकरीत असताना पूर्ण आंधळा झाला, त्याने स्वतःच अर्ज दिला की मला रिटायर करा आणि माझ्या बायकोला नोकरी द्या. मंडळाने रिटायर केलं. २००८ साली सुप्रीम कोर्टाने मंडळाला झापलं, म्हणे या माणसाला त्याचा हक्क काय तेच ठाऊक नव्हतं, तुम्ही त्याला सांगायला हवं होतं, आणि त्याला परत घ्यायला लावलं. भगवान दास विरुद्ध पंजाब राज्य वीज मंडळ. ते सरकारी होतं, तुमचं खासगी आहे, कायदा वेगळा, कबूल. पण न सांगता सही घेणं हे दोन्हीकडे सारखंच वाईट.

लेबरकोर्ट_पुणे | १९ जुलै २०२४, सकाळी ९:४५

वकिली करते, कामगार न्यायालयात दोन्ही बाजूंनी उभी राहते, त्यामुळे जरा सविस्तर.

पहिली गोष्ट म्हणजे सततच्या आजारपणामुळे काम करणं शक्य नसेल तर मालक नोकरी संपवू शकतो, कायद्यात त्याला वाट आहे. औद्योगिक विवाद कायदा १९४७, कलम २(ओओ)(सी), त्यात अशी नोकरी संपवणं 'कपात' या व्याख्येतून बाहेर ठेवलंय, म्हणजे कपातीची नुकसानभरपाई लागत नाही. पण याचा अर्थ उद्यापासून येऊ नको म्हणायचं असा होत नाही. आजार आहे, तो टिकून आहे, आणि त्यामुळे हे काम होत नाही, याला वैद्यकीय पुरावा लागतो आणि त्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. काही मालक दुसरी पळवाट काढतात, इतके दिवस गैरहजर म्हणून नाव आपोआप कमी करतात. १९९३ च्या डी. के. यादव निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की बाजू मांडायची संधी न देता असं नाव काढता येत नाही. महाराष्ट्रात एमआरटीयू-पीयूएलपी, म्हणजे अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या कायद्याखाली ९० दिवसांत तक्रार होते, आणि मग तुमचे कन्सल्टंट नाही, तुम्ही पिंजऱ्यात उभे राहता.

दुसरी गोष्ट, जी तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. मामांचा पगार २१,००० च्या आत आहे, म्हणजे ते ईएसआयमध्ये आहेत. ईएसआय कायद्याचं कलम ७३ वाचा. कामगार आजारपणाचा लाभ घेत असताना किंवा त्या आजारावर उपचार चालू असताना त्याला काढता येत नाही, पगारही कमी करता येत नाही. ठरावीक मुदतीनंतर नियमात सवड आहे, ती आजारानुसार बदलते, तेव्हा शाखा कार्यालयाला लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या.

आणि हा लाभ ९१ दिवसांवर थांबत नाही. नेहमीचा आजारपणाचा लाभ वर्षाला ९१ दिवस, ७० टक्क्यांनी. पण लांबणाऱ्या ३४ आजारांची यादी आहे, टीबी, कॅन्सर, किडनी निकामी होणं, अर्धांगवायू वगैरे, त्यांना वाढीव लाभ ८० टक्क्यांनी, दोन वर्षांपर्यंत. अट अशी की दोन वर्षं सलग नोकरी झालेली हवी आणि आधीच्या चार अंशदान कालखंडांत (एकेक सहा महिन्यांचा) मिळून १५६ दिवसांचं अंशदान भरलेलं हवं. १४ वर्षं काम केलेल्या माणसाचं ते असणारच. त्यांना सध्या काय मिळतंय ते विचारलंत का?

शिरोली_वर्कशॉप | १९ जुलै २०२४, दुपारी १:३०

नाही विचारलं. खरं सांगायचं तर सुरुवातीचे तीन महिने ईएसआयचे पैसे आले एवढं ऐकलं होतं, नंतर मी धरून चाललो की संपलं असेल. आता फोन केला तर मामी म्हणाल्या डिसेंबरपासून एक रुपया आला नाही, डॉक्टरांनी पुढचं सर्टिफिकेट दिलं होतं पण ते कुठं द्यायचं ते समजलं नाही, घरात ठेवलंय. सात महिने. मी दिवाळीला १० हजार देऊन आलो होतो आणि मला वाटत होतं आपण बरंच केलं. दुपारी जेवण गेलं नाही.

रोखठोक_नगर | १९ जुलै २०२४, दुपारी ३:०५

सगळे मालकालाच धरून बसलेत म्हणून लिहितो. माझ्याकडे ११ माणसं. एकाला हार्टचा त्रास झाला, मी आठ महिने जागा धरून ठेवली. बदली माणूस दोनदा सोडून गेला कारण त्याला कायम करता येईना, ऑर्डर लेट झाल्या, एक गिऱ्हाईक कायमचं तुटलं. मोठ्या कंपनीत शंभरातला एक बसून राहिला तर चालतं, ११ मधला एक म्हणजे नऊ टक्के कारखाना बंद. मला त्या माणसाचं वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण बाकीच्या दहा जणांचा पगार पण मीच काढायचा असतो ना. तेव्हा मालकाला पण मार्ग द्या.

जुना_कामगार | १९ जुलै २०२४, दुपारी ४:२०

तुमचं म्हणणं खोटं नाही, लहान मालकाचे हाल मी पाहिलेत. पण आठ महिने जागा धरून ठेवली आणि पगार दिला यात फरक आहे. ईएसआय असेल तर आजारपणाचे पैसे महामंडळ देतं, मालक नाही, त्यासाठीच तर दर महिन्याला मालकाचे ३.२५ आणि कामगाराचे ०.७५ टक्के भरतो. म्हणजे इथे मामांना घाईने काढून मालकाचा एक पैसाही वाचत नाही.

लेबरकोर्ट_पुणे | १९ जुलै २०२४, संध्याकाळी ६:००

बदली मुलाचा प्रश्न वेगळा सोडवा. अमुक कामगार आजारी असल्याने त्याच्या जागी तात्पुरती नेमणूक, असं स्वच्छ लिहून पत्र द्या, मुदत घाला, गरज पडली तर वाढवा. त्याचं भविष्य मामांच्या सहीवर टांगून ठेवू नका.

मीनल_के | २० जुलै २०२४, रात्री १२:१५

मी सहसा फक्त वाचते. पण 'स्वखुशीने' वाचलं आणि झोप लागेना.

माझे मिस्टर नाशिकला एका पॅकेजिंग कंपनीत डिस्पॅचला होते. दोन्ही किडन्या गेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. पगार २१ हजारांच्या वर म्हणून ईएसआय नव्हतं. हॉस्पिटलमधून घरी आलो त्या आठवड्यात कंपनीतून एचआरचा मुलगा आला, चांगला मुलगा होता, येताना सफरचंदं घेऊन आला होता. चहा घेतला आणि फाइलमधून कागद काढला, म्हणाला वहिनी सही झाली की फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशोब, लवकर निघेल, नाहीतर प्रोसेसमध्ये अडकेल. ह्यांच्या लिहायच्या हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी रक्तवाहिन्यांची जोडणी) केलेला, पट्टी होती, पेन नीट धरता येईना तर मी खाली पाट धरला. मीच धरला. वैयक्तिक कारणास्तव राजीनामा.

नोकरी ३ वर्षं ८ महिने झाली होती. ग्रॅच्युइटी विचारली तर म्हणाले पाच वर्षं लागतात. मग मी पुढे विचारलं नाही. त्या महिन्यात बांगड्या मोडल्या.

लेबरकोर्ट_पुणे | २० जुलै २०२४, सकाळी ८:३०

मीनलताई, तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं. ग्रॅच्युइटी कायदा १९७२, कलम ४ मध्येच लिहिलंय की मृत्यू किंवा अपंगत्वामुळे नोकरी संपली तर पाच वर्षांची अट लागत नाही. आणि इथे अपंगत्व म्हणजे अंथरुणाला खिळणं नव्हे. अपघाताने किंवा आजाराने, तो माणूस आधी जे काम करू शकत होता ते काम करता न येणं, एवढीच व्याख्या आहे. डिस्पॅचला माल चढवणं-उतरवणं आणि नाइट शिफ्ट होती का? बेसिक किती होता? कागदावर तारीख काय आहे आणि डिस्चार्जची तारीख काय? सवडीने सांगा.

धागाकर्ते, बघा, म्हणूनच राजीनाम्याच्या कागदावरच्या त्या दोन ओळी महत्त्वाच्या. मामांना १४ वर्षं झालीत त्यामुळे ग्रॅच्युइटी राजीनाम्यानेही बुडणार नाही, १५,६०० भागिले २६ गुणिले १५ गुणिले १४, म्हणजे १ लाख २६ हजार, आणि ती देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची, उशीर झाला तर व्याजासकट. पण पेन्शनचं बघा. पीएफच्या पेन्शन योजनेत नोकरीत असताना पूर्ण आणि कायमचं अपंगत्व आलं तर १० वर्षं भरली नसली तरी पेन्शन मिळते. मामांना ती लागू होईल असं नाही, चालता-बोलता माणूस पूर्ण अपंग धरला जाईलच असं नाही, ते मेडिकल बोर्ड ठरवतं. पण वैयक्तिक कारण लिहून सही घेतली की 'नोकरीत असताना, आजाराने' हा धागाच तुटतो.

सातारचा_डॉक्टर | २० जुलै २०२४, सकाळी १०:१५

कारखान्यांची मेडिकल तपासणी करतो. मालक लोक आमच्याकडे माणूस पाठवतात आणि एका शब्दाचं सर्टिफिकेट मागतात, 'अनफिट'. कशाला अनफिट? उभं राहायला, वजन उचलायला, मशीनवर, का खुर्चीत बसून करायच्या कामालाही? पाठवताना एक चिठ्ठी द्या, तुमच्या शॉपमध्ये कोणकोणती कामं आहेत, कशाला उभं राहावं लागतं, कशाला दोन हात लागतात, किती किलो उचलावं लागतं, जिना आहे का. मग डॉक्टर प्रत्येक कामापुढं होय-नाही लिहू शकतो.

तुमच्या पेशंटबद्दल न बघता जास्त बोलणार नाही. स्ट्रोकनंतर हाताची सर्वात जास्त सुधारणा पहिल्या काही महिन्यांत होते, अकरा महिन्यांनी बोटं मिटत नसतील तर लेथचा आग्रह सोडा, तुमची भीती बरोबर आहे. पण फिजिओ चालू ठेवायला सांगा.

अवांतर: बीपीची गोळी रोज घेतात ना ते मामींना विचारा. बरं वाटलं की गोळी बंद करणारे पेशंट मी दर आठवड्याला बघतो, आणि दुसरा झटका पहिल्यापेक्षा वाईट असू शकतो.

एसटीवाल्याचा_पोर | २० जुलै २०२४, दुपारी १२:४०

लेथ जमत नाही म्हणजे माणूस संपला का? माझे वडील ड्रायव्हर होते, डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले, तर त्यांना डेपोतच दुसरं काम मिळालं, रिटायर होईपर्यंत केलं. सुरुवातीला त्यांना लाज वाटायची, खाकी गेली म्हणून घरात दोन महिने कुणाशी बोलले नाहीत.

सरकारी ठिकाणी तर २०१६ च्या दिव्यांग कायद्याचं कलम २०(४) आहे, नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं, तेही नसेल तर जादा जागा तयार करून ठेवायचं. हे सरकारी आस्थापनांना, खासगीला नाही. पण त्याच्याही आधी राजस्थानच्या एसटीने नजर कमी झाली म्हणून ड्रायव्हर काढले होते, तेव्हा १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की नियमाने ही कपात नाही, ठीक, पण या लोकांची नजर रस्त्यावर गाडी चालवून चालवून गेली, तेव्हा त्यांना दुसरं काम बघा, नाहीतर भरपाई द्या. मला ते वाक्य वडिलांनी वाचून दाखवायला लावलं होतं.

आइंडहोव्हनकर | २० जुलै २०२४, संध्याकाळी ५:३०

इथे नेदरलँड्समध्ये पहिली दोन वर्षं, म्हणजे १०४ आठवडे, आजारी माणसाला आजारपणासाठी काढताच येत नाही आणि निदान ७० टक्के पगार मालकानेच द्यायचा. तो भार लहान मालकाला जड जातो, बरेच जण त्याचा विमा काढतात. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडते. सहाव्या आठवड्यापर्यंत कंपनीचा डॉक्टर काय जमेल काय नाही ते लिहितो आणि आठव्या आठवड्यापर्यंत मालक आणि कामगार दोघांनी बसून परत कामावर यायचा आराखडा करायचा. माझा कलीग पाठीच्या ऑपरेशननंतर आधी रोज दोन तास यायचा, मग चार. कायदा तुमच्याकडे आणता येणार नाही, पण आठव्या आठवड्यात दोघांनी बसून बोलायला कायदा कशाला लागतो.

शिरोली_वर्कशॉप | २८ जुलै २०२४, रात्री १०:४०

सगळ्यांचे आभार, आठ दिवस उत्तर देता आलं नाही. सांगतो काय झालं ते.

मागच्या रविवारी मामांच्या घरी गेलो, पाऊस मरणाचा. कागद नेला नाही, तो मी आधीच फाडणार होतो पण वडिलांना दाखवून फाडला. ते काही बोलले नाहीत, मग गाडीत येऊन बसले, म्हणाले मी पण येतो. मामा सोप्यात खुर्चीवर बसले होते. आम्हाला बघून उठायला लागले, वडील म्हणाले बस रे. दहा मिनिटं पाऊसपाणी, ऊस, पोराची बारावी. मग मामाच म्हणाले, "साहेब, तुम्ही कशाला आलाय ते कळलंय मला. सही करतो की, पण डाव्या हातानं हुईल, चालंल काय?"

मी म्हणालो मामा सही नकोय, तुम्हाला काय जमतंय ते विचारायला आलोय. त्यांना आधी कळलंच नाही. मामी पदर डोळ्याला लावून आत गेल्या. मग मामांनी टीव्हीखालच्या कपाटातून व्हर्निअर काढलं, त्यांचं स्वतःचं, दसऱ्याच्या पूजेला आणायचे ते. दार लावायचा लोखंडी बोल्ट होता तो मांडीवर ठेवून उजव्या मनगटानं दाबून धरला आणि डाव्या हातानं माप घेतलं. "बारा पॉइंट चार." मी घेतलं, बारा पॉइंट चारच. म्हणाले चार महिने झाले, घरातली एक वस्तू सोडली नाही मोजायची. "उजवा चालंना झालाय, डावा हाय की."

आमच्याकडं फायनल इन्स्पेक्शनला एक टेबल आहे, स्टूलवर बसून गो-नोगो गेज (माप बसतं की नाही एवढंच दाखवणारे) लावायचे आणि रिजेक्ट पार्ट बाजूला ठेवायचे. दोन किलोच्या खालचे पार्ट. तिथं सध्या कुणीही रिकामा असेल तो बसतो आणि त्यामुळंच गिऱ्हाइकाकडनं माल परत येतो. हे माझ्या आधी का डोक्यात आलं नाही माहीत नाही.

ईएसआयचं पण केलं. घरातली सगळी सर्टिफिकेटं घेऊन मी स्वतः शाखा कार्यालयात गेलो, तिथल्या बाईंनी अर्धा तास बसून काय लागतं ते लिहून दिलं. मागचे महिने मिळतात का ते प्रकरण वर पाठवणार आहेत.

आता शंका. मी उत्साहात मामांना म्हणालो एक तारखेपासून या, रोज चार तास. बरोबर केलं ना?

लेबरकोर्ट_पुणे | २९ जुलै २०२४, सकाळी ८:५०

थांबा! एक तारखेला बोलावू नका. ईएसआयचा लाभ घेत असलेल्या दिवसांत कामावर येऊन पगार घेतला तर तो लाभ त्या दिवसांचा मिळत नाही, आणि लपवलं तर मामांवर खोट्या दाव्याचा ठपका येईल. आधी ईएसआयच्या डॉक्टरांकडून कामावर रुजू व्हायचं अंतिम सर्टिफिकेट, त्यात कोणतं काम ते लिहून घ्या, सातारच्या डॉक्टरांनी सांगितलं तशी चिठ्ठी बरोबर द्या. ते अजून विश्रांती म्हणाले तर विश्रांती, टेबल कुठे पळत नाही.

आणि चार तासांच्या कामाचा पगार कमी ठरणार असेल तर मामांना पुढं बसवून समजावून, लेखी. ग्रॅच्युइटी कायद्यात याची सोय आहे, कलम ४(४), अपंगत्वानंतर कमी पगारावर काम दिलं तर आधीच्या १४ वर्षांची ग्रॅच्युइटी जुन्या पगारावर आणि पुढच्या वर्षांची नव्या पगारावर धरायची. हे पत्रात तसंच्या तसं लिहा.

शिरोली_वर्कशॉप | २९ जुलै २०२४, सकाळी ९:२०

आत्ताच फोन करून सांगितलं. मामांचा आवाज पडला, मग म्हणाले चालंल, तोवर स्टूलची उंची बघून ठेवा, मला गुडघ्याच्या वर चढता येत नाही. दुपारी फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलंय.

रोखठोक_नगर | २९ जुलै २०२४, सकाळी ११:००

स्टूलला पाठ आणि उजव्या बाजूला हात टेकायला पट्टी लावून घ्या. माझ्या चुलत्यांना असाच झटका आलेला, ते नेहमी त्या बाजूला कलायचे. पट्टी नसेल तर खाली पडतील.

मीनल_के | २९ जुलै २०२४, दुपारी २:३५

ताई, तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर. माल चढवणं आणि नाइट दोन्ही होतं. बेसिक १८,२०० होता. फाइल काढली. डिस्चार्ज कार्ड १२ मार्चचं आहे, त्यावर जड काम करू नये असं डॉक्टरांनी लिहिलंय. राजीनामा १९ मार्चचा. सव्वा वर्ष होऊन गेलंय, आता चालेल का?

लेबरकोर्ट_पुणे | २९ जुलै २०२४, दुपारी ३:१०

सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे ४ वर्षं. १८,२०० भागिले २६ गुणिले १५ गुणिले ४, ४२,००० होतात. आधी कंपनीकडे लेखी मागणी करा, डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडा. नाही म्हणाले किंवा गप्प बसले तर सहाय्यक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात ग्रॅच्युइटीच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे अर्ज. उशीर झालाय, तो का झाला ते खरं खरं लिहा, पाच वर्षं लागतात असं सांगितलं गेलं हेच कारण. सबळ कारण असेल तर उशीर माफ करता येतो. कंपनी राजीनाम्याकडे बोट दाखवेल, पण दोन कागदांत सात दिवसांचं अंतर आहे, ते तुमच्या बाजूने बोलतं.

मीनल_के | २९ जुलै २०२४, दुपारी ३:४०

बुधवारी ह्यांचं डायलिसिस आहे. गुरुवारी जाते.